कात्रजच्या चढावर बंद पडणारी एमजीबी

मामांचा फोन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला. "अरे, गाडी पुन्हा घाटात बसली. आता दोन्ही कार्बोरेटर नवेच मागवतो, विषय संपवतो." मी म्हटलं, "मामा, काही मागवू नका. रविवारी येतो. तोवर तिला कुणालाही हात लावू देऊ नका आणि तुमची पेट्रोलची वही काढून ठेवा."

गाडी म्हणजे १९६६ ची एमजीबी, दोन सीटची, उघड्या टपाची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातली ही एक मामांनी १९८१ मध्ये मुंबईतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली आणि तेव्हापासून ती पुण्यात सहकारनगरला आहे. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. शिवाय बॅटरीचा प्लस चासीला अर्थ केलेला, आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. ही उलटी अर्थ पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तक्रार अशी. थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. वीसेक मिनिटं झाली की साध्या चालीत झटके द्यायला लागते. चढावर लागली की मिसिंग वाढतं आणि बोगद्याच्या अलीकडे कुठेतरी इंजिन बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही अशी पुन्हा सुरू. गेल्या चार महिन्यांत तिच्यावर बराच खर्च झाला होता. कार्बोरेटरचे किट टाकले, पेट्रोल पंप बदलला, टाकी उतरवून धुतली. दर वेळी दोन-चार दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच.

ज्यांनी ज्यांनी गाडी पाहिली त्यांचं निदान एकच होतं: पेट्रोल. त्याला कारणही होतं. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि मिश्रणात इंधन कमी पडतं हेही खरं. नुसतं पेट्रोल जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे १९६६ च्या हिशेबाने सेट केलेलं कार्बोरेटर ई-२० वर अशक्त मिश्रण देणारच. त्यात या इंजिनाला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. दोन्ही कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेले, मध्ये फक्त एक पत्रा. पारा ३९ वर असताना चढावर गाडी बंद पडली की मिस्त्री म्हणणारच, "साहेब, एअर लॉक." म्हणजे पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन वाट अडली.

मला ते पटत होतं. एवढं पटत होतं की म्हणूनच मी आधी वही वाचायला घेतली.

वही

मामा १९८१ पासून दर टाकीला किलोमीटर, लिटर आणि गाडीला जे जे केलं ते लिहितात. झटक्यांची पहिली नोंद ११ डिसेंबरची होती: "सातारा रोडला दोनदा अडखळली." वर नजर फिरवली तर २९ नोव्हेंबरला लिहिलेलं: "ट्यूनिंग. पॉइंट, कंडेन्सर, रोटर नवे." मी विचारलं, "मामा, त्याआधी ई-२० भरत होता की नव्हता?" ते म्हणाले, "भरतच होतो की. अख्खा उन्हाळा त्याच्यावरच काढला. पाचगणीला जाऊन आलो."

म्हणजे पेट्रोल तेच, ऊन उलट जास्त, घाट तोच, आणि गाडी ठणठणीत. बारा दिवसांत बदललं होतं ते डेल्कोच्या आत. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडे गॅरेजात हाच शब्द चालतो. चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा हा भाग, आणि पॉइंट म्हणजे त्यातला करंट जोडणारा-तोडणारा स्विच. चार महिन्यांत मात्र त्याचं झाकण कुणी पुन्हा उघडलं नव्हतं, कारण तिथलं सगळं "नवं" होतं.

नुसत्या वहीवरून निकाल देता येत नाही. गाडी चालवून बघायला हवी होती.

सुई काय सांगते

मामा चालवायला बसले, मी डावीकडे. फोन डॅशबोर्डसमोर धरून आरपीएमच्या काट्याचं व्हिडिओ घेत होतो. या सालच्या एमजीबीत हा काटा इलेक्ट्रिकल असतो. इग्निशनच्या चावीकडून कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडे, जाणारी पांढरी वायर मीटरच्या पाठीमागून वेटोळं घेऊन जाते, आणि त्या वायरीतल्या करंटच्या ठोक्यांवर सुई हलते. त्यामुळे पेट्रोल संपून इंजिन बंद पडत असेल तर सुई इंजिनाबरोबर हळूहळू खाली येते. कॉइलचा करंट तुटला तर मात्र चाकं इंजिनाला फिरवत असतानाही सुई खाडकन शून्याला टेकते. गाडीतच बसवलेलं इतकं चांगलं निदानाचं यंत्र दुसरं नाही.

बालाजीनगरच्या पुढे, ॲक्सिलेटर हलका धरून गाडी ताशी चाळीस मैलांवर एकसारखी चालली होती. पहिला झटका आला. सुई २,५०० वरून शून्याला जाऊन परत आली. गाडीचा वेग मात्र तसूभरही बदलला नव्हता. पुन्हा झटका, पुन्हा सुई शून्य. मी म्हटलं, "मामा, पाय पूर्ण दाबा." त्यांनी दाबला आणि गाडी एकही झटका न देता स्वच्छ खेचत गेली. पाय सोडून हलका धरला की पुन्हा झटके.

इथे मी पेट्रोलवरचा संशय निम्मा सोडला. इंधन कमी पडत असेल तर ते सगळ्यात आधी पाय पूर्ण दाबल्यावर कमी पडेल, कारण तेव्हाच मागणी सर्वात जास्त. इथे पूर्ण दाबल्यावर गाडी सुधारत होती.

मग घाट. जुन्या बोगद्याच्या दोन वळणं अलीकडे दुसरंच चित्र दिसलं. इंजिन फटफट करायला लागलं, सायलेन्सरमधून दोन बार निघाले, आणि या वेळी सुई शून्याला न जाता वर उडत होती, थरथरत होती. ३,००० च्या जागी मध्येच ४,००० दाखवत होती. मग इंजिन बंद. घरी आल्यावर व्हिडिओ हळू करून चार वेळा पाहिला. सपाट रस्त्यावरचे झटके आणि चढावरचं बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकाच नावाखाली दोन दोष लपले होते, आणि एकाचा उपाय करून दुसरा जात नाही म्हणून प्रत्येक मिस्त्री हरत होता.

गाडी बंद पडली तीच खरी वेळ. बहुतेक जण इथे बॉनेट उघडून पाणी मारत बसतात आणि तापलेल्या इंजिनाबरोबर पुरावाही थंड करतात. मी चावी फिरवली आणि मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली असलेल्या पंपाला कान लावला. टक, टक, टक, आणि गप्प. एसयूचा पंप असाच बोलतो. कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाट्या भरल्या की दाब येतो आणि टकटक थांबते. पाइपात वाफ असती तर तो वेड्यासारखा टकटकत राहिला असता. वाट्या भरलेल्या आहेत हे तिथेच कळलं.

मग ठिणगी. ही तपासणी पेट्रोलचं कुठलंही झाकण उघडण्याच्या आधी करायची, नंतर कधीच नाही. डेल्कोच्या मधली जाड वायर काढून, इन्सुलेशनच्या पक्कडीने तिचं टोक इंजिनाच्या ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरलं. झाकण आणि रोटर बाजूला केले आणि इग्निशन चालू ठेवून मिटलेले पॉइंट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उघडले. ठिणगी पडली, पण पिवळसर, बारीक, आवाज नसलेली. त्याच वेळी पॉइंटच्या फटीत मात्र निळा-पांढरा लखलखाट. जी आग प्लगपाशी हवी ती पॉइंटवर जळत होती.

याचा अर्थ सांगायला हवा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड गुंडाळीतून करंट वाहतो आणि चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटला पाहिजे. जितका झटक्यात तुटेल तितकं दुसऱ्या गुंडाळीत व्होल्टेज जास्त. पण करंटला थांबायचं नसतं, तो उघडणाऱ्या फटीवरून उडी मारायला बघतो. पॉइंटला समांतर बसवलेला कंडेन्सर त्याला त्या क्षणी दुसरी वाट देतो. बोटाच्या पेराएवढा डबा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. तो नसेल किंवा गळत असेल तर पॉइंटवर जाळ होतो, करंट रेंगाळत तुटतो, प्लगला ठिणगी मिळत नाही. आणि सुई वर का उडत होती तेही जुळलं: फटीतल्या जाळामुळे एकेका ठोक्याचे दोन-तीन ठोके होत होते.

कंडेन्सर सोबत नव्हता. वीस मिनिटं थांबलो, गाडी सुरू झाली, घरी आलो.

ॲम्बॅसेडरचा कंडेन्सर

सोमवारी नाना पेठेत गेलो. एमजीबीचा भाग कुणी विचारला तर दुकानदार हात जोडतो, पण ॲम्बॅसेडरचा विचारला तर वरच्या फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका खाली येतो. ॲम्बॅसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. ॲम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली तरी तिचा जुना माल अजून सापडतो. दोन कंडेन्सर घेतले, मगरीच्या चिमट्यांच्या दोन वायरी लावून एक तयार ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता. या वेळी निघण्याआधी एकच बदल केला. कार्बोरेटरकडून डेल्कोच्या व्हॅक्यूम डबीकडे जाणारी नळी काढली आणि तिच्या तोंडात स्क्रू घालून ती बंद केली. बालाजीनगर गेलं, कात्रज चौक गेला, एकही झटका नाही. मामा दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होते. घाटात मात्र, अपेक्षेप्रमाणे, गाडी बंद पडली. मी कंडेन्सरचा एक चिमटा कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला लावला, दुसरा ब्लॉकला. आतला, नोव्हेंबरात बसवलेला कंडेन्सर तसाच होता. तो अर्थला पूर्ण चिकटला असता तर याचा उपयोग झाला नसता, पण त्याची क्षमताच गेली असेल तर होणार होता. मामांनी सेल्फ मारला. तापलेली गाडी, भर उन्हात, एका सेल्फला. बोगद्यातून पलीकडे उतरलो, खेड शिवापूरला चहा घेतला आणि तसाच लोंबता कंडेन्सर घेऊन परत घाट चढून आलो.

डेल्कोच्या आत

आता झटके. नळी बंद केल्यावर ते गेले, म्हणजे व्हॅक्यूमने जे हलतं तिथे दोष. हलका पाय असताना इनटेकमधला व्हॅक्यूम डबीतला पडदा ओढतो आणि पॉइंट ज्या ताटलीवर बसलेत ती काही अंश फिरते, ठिणगी लवकर पडावी म्हणून. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो, ताटली मूळ जागी येते. या गाडीत आयडलिंगलाही त्या नळीत ओढ नसते. म्हणून गाडी उभी असताना शांत, पूर्ण दाबल्यावर शांत आणि मधल्या चालीत आजारी.

डेल्को टेबलावर घेतला. बाहेरच्या टोकापासून पॉइंटच्या खिळ्यापर्यंत जेमतेम तीन इंचांची वायर येते. ताटली फिरली की तिला वाकावं लागतं, दर प्रवासात पुन्हा पुन्हा. वरचं कापडी आवरण शाबूत, काळपट, कुठेही चीर नाही. पॉइंट कागद घालून उघडे ठेवले, मल्टिमीटर बजरवर टाकला, एक टोक बाहेर, एक खिळ्यावर. बजर वाजला. व्हॅक्यूमच्या तोटीला रबरी नळी लावून तोंडाने ओढलं आणि जीभ लावून धरलं. ताटली सावकाश फिरली. बजर थांबला. जीभ काढली, ताटली परतली, बजर वाजला. मामांनाही करायला दिलं. त्यांनी सहा-सात वेळा केलं.

ब्लेडने आवरण उभं चिरलं तेव्हा आत तांब्याचे सगळे केस एकाच जागी तुटलेले दिसले. टोकं हिरवट पडलेली, एक-दोन नुसते एकमेकांना टेकून. साठ वर्षांची वायर नोव्हेंबरात पॉइंट बदलताना वाकवली गेली आणि तिथे तिचा शेवट झाला असावा. नवी वायर साधी घालून चालत नाही. घरगुती फिटिंगची वायर तिथे महिन्याभरात कडक होऊन तुटेल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सिलिकॉनच्या आवरणाची, अतिशय बारीक तारांची वायर मिळाली. तीच मूळ वळणाने बसवली, ताटली दोन्ही टोकांना फिरवून ताण येत नाही हे पाहिलं.

कॉइल तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. चार वर्षांपूर्वी बदललेल्या कॉइलवर प्लस-मायनस छापलेलं होतं आणि कुणीतरी सवयीने प्लसला इग्निशनची वायर जोडली होती. आजच्या गाडीत तेच बरोबर. प्लस अर्थ असलेल्या गाडीत ते उलटं होतं. खात्री करायला शिसपेन्सिलचं टोक प्लग आणि वायरीच्या मधल्या ठिणगीत धरलं. ठिणगीची केशरी ज्वाळा प्लगच्या बाजूला दिसायला हवी होती, ती वायरीच्या बाजूला होती. ठिणगी गरम मधल्या टोकावरून निघाली तर कमी व्होल्टेजवर भागतं. उलट्या जोडणीत ती थंड बाजूने निघते आणि कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. निरोगी गाडीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मरत्या कंडेन्सरबरोबर मात्र हा तोटा जिवावर येतो. दोन वायरींची अदलाबदल केली, झालं.

संशयित कंडेन्सर मामींच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजला. थंड असताना ०.२१ मायक्रोफॅरड, कुणीही पास करेल असा. मग मामींचा केस वाळवायचा ड्रायर त्याच्यावर धरला. दोन मिनिटं आकडा स्थिर. मग ०.१९, ०.१७, मध्येच उडी मारून ०.०४, पुन्हा ०.१५, आणि डबा हाताला चटका लागेल इतका तापल्यावर ०.०३ वर येऊन बसला. ड्रायर बंद केल्यावर पंधरा-सोळा मिनिटांत तो हळूहळू ०.२१ ला परतला. घाटातली वीस मिनिटं ती हीच.

दोष परत आणला

दुरुस्ती झाली असं मी तरीही म्हणायला तयार नव्हतो. सगळं जोडलं: पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेच्या) आधी १० अंश, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १५० ते १५८ पीएसआय. नव्या कंडेन्सरवर कात्रज तीनदा चढवली, एकदा तर वर जाऊन चाळीस मिनिटं उन्हात चालू ठेवली. काही नाही. मग तोच खराब कंडेन्सर पुन्हा आत बसवला. मामांना हे अजिबात आवडलं नाही. "चालतेय ना, मग कशाला?" चालतेय म्हणूनच. पूर्वीही प्रत्येक दुरुस्तीनंतर चार दिवस चालतच होती. निघाल्यापासून २६ मिनिटांनी, चढावर, सुई थरथरत वर उडाली आणि इंजिन बंद पडलं. सपाटीवर मात्र एकही झटका आला नव्हता, म्हणजे वायरीचं काम पक्कं. रस्त्याच्या कडेला कंडेन्सर बदलला आणि घरी आलो.

ई-२० ला मी निर्दोष ठरवत नाही. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची जुनी रबरी नळी काढली तर आतून फुगलेली होती, नखाने काळा लगदा निघत होता. दोन-तीन वर्षांत ती आगीला कारण झाली असती. इथेनॉलला टिकणारी नळी टाकली. प्लग पांढुरके दिसत होते म्हणून दोन्ही कार्बोरेटरच्या जेटचे नट दोन-दोन पैलू खाली घेतले, मिश्रण थोडं सशक्त केलं. आता प्लग बिस्किटाच्या रंगाचे येतात. पण ही कामं स्वतंत्र होती. या इंजिनात पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला एकच इनटेकची वाट आहे, तिसऱ्या-चौथ्याला दुसरी. एखादा कार्बोरेटर उपाशी असता तर जोडीने दोन सिलिंडर मेले असते. इथे चारही मिळून अडखळत होते, आणि चौघांना सामाईक असतं ते कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट.

ॲम्बॅसेडरचा दुसरा कंडेन्सर हातमोज्यांच्या कप्प्यात चिमट्यांसकट ठेवला आहे, आणि तो लोंबता कसा लावायचा हे मामांना करून दाखवलं आहे. तेव्हापासून गाडी ९०० किलोमीटर चालली. परवा पॉइंट उघडून पाहिले तर राखाडी, सपाट, गॅप तेवढाच. एक काम शिल्लक आहे: डेल्कोच्या दांड्याला बाजूने ढिलाई जाणवते, त्यामुळे ड्वेल (पॉइंट मिटून राहण्याचा कोन) वाढत्या रेसबरोबर तीन अंशांनी सरकतो. पावसाळ्यात गाडी उभी असते, तेव्हा बुश बदलून घेऊ.